नवा प्रोसेसर बसवला, तरी पीसी दुपारी का मंदावतो?

मार्च लागला की सोलापुरात एक तक्रार हमखास कानावर येते. जकार्डचं (मागावर नक्षी विणण्याचं) डिझाइन ऑफिस असो, फ्लेक्सचं दुकान असो, की गणवेशाच्या कारखान्यातला कॉम्प्युटर असो, सूर एकच: "सकाळी मस्त पळतंय, जेवून आलो की रडायला लागतंय." मग विंडोज नव्याने मारतात, एसएसडी टाकतात, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलतात. शेवटी 'प्रोसेसरच जुना झालाय' असं ठरतं आणि आय५ च्या जागी आय७ येतो. काही दिवस बरे जातात, आणि दुखणं परत तिथेच येतं.

यात प्रोसेसरचा दोष क्वचितच असतो. त्याला वीज पुरवतो मदरबोर्ड (पुढे नुसता 'बोर्ड'), माहिती पुरवते रॅम. या दोघांपैकी एक जण कमी पडला की महागातला प्रोसेसरही अर्ध्या वेगाने काम करतो, आणि आपण मात्र दर उन्हाळ्यात त्याच्यावरच पैसे घालत राहतो. म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी खालची तपासणी करा. तिला पैसे लागत नाहीत.

आधी लक्षण ओळखा

'स्लो झालंय' या एकाच तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत.

मशीन सकाळपासूनच मंद असेल, मोठी फाइल उघडताना किंवा झूम करताना अडखळत असेल आणि तापमान मात्र साधारण असेल, तर संशय रॅमवर घ्या. सुरुवात जोरात होऊन काही सेकंदांत किंवा मिनिटांत वेग ढेपाळत असेल आणि दुपारी हे जास्त होत असेल, तर संशय उष्णतेवर आणि बोर्डच्या वीज पुरवणाऱ्या भागावर घ्या. तिसरं लक्षण फसवं आहे: एकदा दुरुस्त केलेलं मशीन लाइट जाऊन आली की पुन्हा पूर्वीसारखं होतं. तिथे बायोसमधली, म्हणजे बोर्डच्या मूळ प्रोग्रॅममधली, सेटिंग उडत असते.

तपासायला तीन मोफत प्रोग्रॅम पुरतात: एचडब्ल्यूइन्फो, सीपीयू-झेड आणि सिनेबेंच आर२३. सिनेबेंचची दहा मिनिटांची मल्टी-कोर चाचणी एकदा सकाळी आठच्या सुमारास लावा आणि एकदा दुपारी तीनला. पंखा, कॅबिनेटची जागा, उघडे प्रोग्रॅम दोन्ही वेळा सारखेच ठेवा. दोन्ही गुण कागदावर लिहा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, तर उष्णतेचा विषय बाजूला ठेवून थेट रॅमकडे जा. दुपारचा आकडा ठळकपणे कमी आला, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

दुपारी मंदावणारं मशीन

प्रोसेसरशेजारी बोर्डवर चौकोनी कॉइल आणि छोट्या काळ्या चिप्सची एक रांग असते. तिला व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) आलेली १२ व्होल्टची वीज ती प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक-सव्वा व्होल्टवर आणते. व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो. १२० वॅट ओढणाऱ्या प्रोसेसरला त्या व्होल्टेजवर शंभर अँपियरच्या आसपास करंट लागतो. एवढा करंट त्या छोट्या चिप्समधून जातो आणि त्या तापतात. स्वस्त बोर्डवर या चिप्स थोड्या असतात आणि त्यांच्यावर हीटसिंकही नसतो. ठरावीक मर्यादेपलीकडे तापल्या की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली खेचतो.

आता यात सोलापूर मिसळा. खोलीतली हवा जितकी गरम, जवळजवळ तितक्याच अंशांनी आतला प्रत्येक भाग जास्त तापतो. डिसेंबरात खोलीत २५ अंश असताना ९० वर राहणारी व्हीआरएम, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या ऑफिसात ४२ अंश झाले की १०७ वर जाते. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. हिवाळ्यात जी मर्यादा गाठली जात नव्हती, ती आता दुपारी गाठली जाते. म्हणूनच हे दुखणं दरवर्षी येतं आणि पहिला पाऊस पडला की आपोआप जातं. पुण्याच्या एसी ऑफिसातला भाऊ सांगतो, "तोच बोर्ड माझ्याकडे छान चालतो," ते खरंच असतं. पण त्याच्या खोलीत २४ अंश असतात.

खात्री कशी करायची? सिनेबेंच चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये तीन ओळी बघा: प्रोसेसरचं तापमान, 'सीपीयू पॅकेज पॉवर' म्हणजे तो किती वॅट ओढतोय, आणि 'इफेक्टिव्ह क्लॉक' म्हणजे तो खरोखर किती वेगाने चालतोय. इंटेलच्या मशीनवर 'परफॉर्मन्स लिमिट रीझन्स' नावाचा विभागही असतो. त्यात वेग का अडवला गेला ते सरळ 'येस' म्हणून दिसतं.

प्रोसेसरचं तापमानच ९५-१०० ला टेकलं असेल, तर कूलर कमी पडतोय, पेस्ट सुकली आहे किंवा जाळीत धूळ भरली आहे. हे सोपं प्रकरण आहे.

तापमान ६५-७० वर असूनही वॅट आणि क्लॉक अचानक खाली येत असतील, तर विषय व्हीआरएमचा किंवा पॉवर लिमिटचा आहे. इंटेलवर 'व्हीआर थर्मल अलर्ट' आणि रायझेनवर 'प्रॉकहॉट एक्स्ट' ही ओळ पेटलेली दिसली तर व्हीआरएम पकडली गेली. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमचा सेन्सरच नसतो. तिथे एक साधी परीक्षा आहे: कॅबिनेटची बाजू उघडा, एक छोटा टेबल फॅन व्हीआरएमच्या दिशेने लावा आणि चाचणी पुन्हा घ्या. आकडा उडी मारून वर आला, तर आणखी पुराव्याची गरज नाही. बोट लावून बघू नका, भाजतं.

पॉवर लिमिटचं प्रकरण निराळं आहे आणि लोक त्याला बिघाड समजतात. आय७-१२७०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण टर्बोमध्ये, म्हणजे थोड्या वेळासाठी वेग वाढवताना, तो १८० वॅटपर्यंत जाऊ शकतो. आय५-१२४०० साठी हाच आकडा ११७ वॅट आहे. बोर्ड इंटेलच्या मूळ सेटिंगवर असेल, तर सुमारे २८ सेकंदांनी टर्बो आवरून प्रोसेसर ६५ वॅटवर येतो. म्हणजे पहिला अर्धा मिनिट गाडी सुसाट आणि नंतर संथ. हे सकाळीही होतं आणि दुपारीही, उन्हाळ्याचा त्याच्याशी संबंध नाही. रायझेनमध्ये एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) ६५ वॅटचे प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत आणि १०५ वॅटचे १४२ वॅटपर्यंत ओढतात. इंटेलच्या बोर्डवर बायोसमधून ही मर्यादा वाढवता येते, पण व्हीआरएमवर हीटसिंक नसेल तर कृपया वाढवू नका. मे महिन्यात तो बोर्ड तुम्हाला जाब विचारेल.

कूलरबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. प्रोसेसरच्या खोक्यात येणारा छोटा पंखा हवा खाली बोर्डवर मारतो आणि ती व्हीआरएमवरूनही जाते. तो काढून उभा टॉवर कूलर बसवला की प्रोसेसर गार होतो, पण हवा आडवी जाते आणि व्हीआरएमला वारा मिळेनासा होतो. म्हणून 'महाग कूलर लावल्यावर जास्तच स्लो झालं' ही तक्रार खोटी नसते. टॉवर कूलर लावायचा असेल तर कॅबिनेटला मागे आणि वर हवा बाहेर फेकणारे पंखे हवेतच.

शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या जवळ ऑफिस असेल तर धुळीबरोबर सुताची बारीक लवही आत जाते आणि कूलरच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखी बसते. आपल्याकडे खंडेनवमीला मशीन पुसून पूजा होते, ते चांगलंच आहे, पण तेव्हा ऊन उतरलेलं असतं. पाडव्याच्या आसपास एकदा ब्लोअरने आतून सफाई झाली पाहिजे, कारण कसोटी त्यानंतर सुरू होते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका. खोली गार झाली तर मशीनला फायदाच होतो, पण तुषार आणि लव मिळून आत चिकट थर धरतो.

सकाळपासूनच मंद असलेलं मशीन

माग कितीही वेगाचा असला तरी कांड्या वेळेवर भरून आल्या नाहीत तर तो उभा राहतो. प्रोसेसर आणि रॅमचं नातं तसंच आहे.

इथे सर्वात जास्त सापडणारा दोष म्हणजे रॅमची एकच स्टिक. डीडीआर४ (रॅमची एक पिढी, डीडीआर५ तिच्या पुढची) ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवते. दोन स्टिक दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांवर, लावल्या की तेच ५१.२ जीबी होतं. एकूण १६ जीबी दोन्हीकडे सारखीच, पण एक १६ ची लावणं आणि दोन ८ च्या लावणं यात पुरवठ्याचा फरक दुपटीचा आहे. टॅली, एक्सेल, बिलिंग यांना याचं फारसं काही वाटणार नाही. पण मोठ्या रिझोल्यूशनचं डिझाइन, फ्लेक्सची बॅनर फाइल, व्हिडिओ यांत फरक डोळ्यांना दिसतो.

वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या रायझेन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरला तर एक स्टिक म्हणजे शिक्षाच. त्याचं ग्राफिक याच रॅममधून जागा आणि वेग दोन्ही घेतं. शिवाय साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, जलद मेमरी) असते, ५६००जी मध्ये १६ एमबी. कॅश लहान म्हणजे रॅमकडे धाव जास्त. शहरातल्या डिझाइनच्या कामासाठी हा प्रोसेसर भरपूर विकला जातो आणि दुर्दैवाने बऱ्याचदा एकाच स्टिकसह विकला जातो.

सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये चॅनेलची ओळ बघा. डीडीआर४ असेल आणि तिथे सिंगल दिसलं, तर दोष सापडला. डीडीआर५ मध्ये जरा सांभाळून वाचा: त्याच्या प्रत्येक स्टिकमध्ये ३२ बिटचे दोन छोटे चॅनेल असतात, त्यामुळे एकच स्टिक असताना 'दोन गुणिले ३२ बिट' दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. दोन स्टिक नीट लागल्या असतील तर तिथे चार दिसायला हवेत.

स्टिक दोन असूनही सिंगल दिसत असेल, तर त्या चुकीच्या खाचांत आहेत. चार खाचांच्या बोर्डवर साधारणपणे प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. बोर्डवर ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या खाचेत शेजारी शेजारी लावल्या की दोन्ही एकाच चॅनेलवर जातात. ८ आणि ४ अशा असमान स्टिक असतील तर ४ अधिक ४ एवढा भाग दोन चॅनेलवर चालतो आणि उरलेला ४ एकावर. आदर्श नाही, तरी एकट्या ८ पेक्षा बरं.

दुसरा दोष: रॅम तिच्या लेबलवरच्या वेगाने चालतच नाही. सीपीयू-झेडमधला 'डीरॅम फ्रिक्वेन्सी'चा आकडा दुप्पट करून वाचायचा, म्हणजे १६०० दिसलं तर ३२००. तुमच्या ३२०० च्या स्टिकवर १०६६ किंवा १२०० दिसत असेल, तर ती २१३३ किंवा २४०० वर रांगते आहे. ६००० ची डीडीआर५ घेऊन ती ४८०० वर चालणं तर नेहमीचंच. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे लेबलवरचा वेग लावणारी तयार सेटिंग, चालू करा. एएमडीच्या बोर्डांवर तेच काम एक्स्पो किंवा डीओसीपी या नावाखाली असतं.

एच६१० बोर्डवर ही वाट अर्धवट बंद असते (एच६१०, बी७६० ही बोर्डवरच्या मुख्य चिपची, म्हणजे चिपसेटची, नावं). तो चिपसेट रॅमचं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करू देत नाही, त्यामुळे डीडीआर४ घेतली तर ३२०० च्या वर जात नाही. ३६०० ची महाग किट त्यावर लावणं म्हणजे पैसे वाया. बी६६० आणि बी७६० वर ती चालते.

मोठा आकडा दिसला म्हणून भुलू नका, सीएल (रॅम उत्तर द्यायला किती फेऱ्या घेते तो आकडा) बघा. सीएलला २००० ने गुणून रॅमच्या वेगाने भागलं की नॅनोसेकंदात उशीर कळतो. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५. डीडीआर५ ६००० सीएल३० पुन्हा १०, आणि ४८०० सीएल४० मात्र जवळजवळ १६.७. डीडीआर५ चा एकूण पुरवठा जास्त असतोच, पण सर्वात स्वस्त डीडीआर५ घेऊन 'काही फरकच पडला नाही' म्हणणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा इथे असतं. रायझेन ५००० साठी ३६०० आणि एएम५ वरच्या रायझेन ७००० साठी ६००० हे जमून येणारे वेग आहेत. त्यापुढे पैसे जास्त जातात आणि लाभ थोडा होतो.

चारही खाचा भरण्याचा मोह डीडीआर५ मध्ये टाळा. रायझेन ७००० मध्ये दोन स्टिक असताना एएमडीचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार स्टिक लावल्या की तो ३६०० वर येतो. ३२ जीबी हवी असेल तर १६ च्या दोन घ्या, आणि त्या एकाच पाकिटातली किट म्हणून घ्या.

दुरुस्त करूनही परत बिघडणारं मशीन

मला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दुरुस्ती करणाऱ्यावरचा विश्वासच उडतो. एक्सएमपी चालू करून दिलं, मशीन पळालं, पैसे घेतले. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक पुन्हा दारात: "परत तसंच झालं की!"

बोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी बघा. ती संपत आली असेल तर रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की बायोस सगळं विसरतो. सकाळी रॅम पुन्हा २१३३ वर. घड्याळात तारीख चुकीची दिसणं ही याची खूण. तारीख हाताने नीट करून माणूस कामाला लागतो आणि वेग जाण्याचा या तारखेशी संबंध लावत नाही. किरकोळ पैशांची बॅटरी बदलली की विषय मिटतो.

दुसरं कारण वीज. चालू होताना लाइट झटका देऊन गेली की रॅमची सुरुवातीची जुळणी अर्धवट राहते. दोन-तीनदा असं झालं की बरेच बोर्ड 'सेटिंग झेपत नाही' असं समजून मूळ सेटिंगवर परततात. यूपीएस असेल तर हे टळतं. नसेल तर लाइट आल्या आल्या मशीन चालू न करता वीज स्थिर होऊ द्या.

तिसरं, एक्सएमपी खरोखरच झेपत नसेल. मग अधूनमधून हँग, निळी स्क्रीन, किंवा त्याहून वाईट म्हणजे काही न सांगता फाइल खराब होणं. जकार्डच्या फाइलमध्ये शिरलेली चूक मागावर गेली तर ती कापडात विणली जाते. म्हणून एक्सएमपी लावल्यावर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा, चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या, आणि ही चाचणी उन्हाच्या वेळी घ्या. एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली आणा. ३६०० ऐवजी ३४६६ किंवा ३२०० वर बिनचूक चालणारी रॅम मला केव्हाही चालेल.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे मोठे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी बायोसची तारीख बघावी. जास्त व्होल्टेजमुळे त्यांत अस्थिरता येत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस त्याआधीचा असेल तर अपडेट करा. फक्त यूपीएसवर करा, अर्ध्यात लाइट गेली तर बोर्ड उठणार नाही.

बोर्ड बदलायची वेळ आलीच तर

आय५-१२४०० किंवा रायझेन ५ ५६०० साठी एच६१० किंवा ए५२० पुरतो. दोनच खाचा असल्या तरी त्या दोन चॅनेलच्या असतात, फक्त पहिल्या दिवशीच दोन्ही भरा. आय७ किंवा १०५ वॅटचा रायझेन घ्यायचा असेल तर बी७६० किंवा बी५५०, आणि व्हीआरएमच्या दोन्ही रांगांवर हीटसिंक असलेलाच. चिपसेटचं नाव बघून निर्धास्त होऊ नका, उघड्या व्हीआरएमचे बी७६० सुद्धा बाजारात आहेत. झेड७९० हा नावात 'के' असलेले प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणाऱ्यांसाठी आहे. आपल्या हवेत त्या वाटेला न जाता तेच पैसे रॅम आणि पंख्यांवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्याने 'आता एकच घ्या, दुसरी नंतर टाकू' असं काउंटरवर ऐकू येतं. ती 'नंतर' येत नाही, आणि आली तरी तशीच स्टिक मिळेल याची शाश्वती नसते. १६ ची एक परवडत असेल तर ८ च्या दोन घ्या. घरात चांगली डीडीआर४ पडून असेल आणि एलजीए१७०० सॉकेटचा (इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीचा) प्रोसेसर असेल, तर डीडीआर४ चाच बी६६० किंवा बी७६० शोधा. या सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, पण एका बोर्डवर साधारणपणे एकच प्रकार चालतो. एएम५ वर डीडीआर५ शिवाय पर्याय नाही. डीडीआर३ च्या जुन्या एच६१ बोर्डवर मात्र आता एक रुपयाही घालू नका.

बिलावर बोर्डचं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन लिहून घ्या, नुसतं 'बी७६० बोर्ड' नको. एकाच नावाच्या बोर्डच्या दोन रिव्हिजनमध्ये व्हीआरएम वेगळी असू शकते. रिव्हिजनचा आकडा बोर्डच्या कोपऱ्यात छापलेला असतो, खोकं दुकानातच उघडून तो बिलाशी ताडून बघा.